काठिण्यपातळी चढवल्याने गेम अवघड होतोच असे नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

व्हिडिओ गेमवरील पुरवणीतल्या लेखात सर्वांत वरच्या काठिण्यपातळीवर खेळणे म्हणजे कौशल्य, असे गृहीत धरले आहे. फँटसी रोल-प्लेइंग गेमपुरते (म्हणजे काल्पनिक जगात आपले एक पात्र घडवत नेण्याच्या खेळापुरते) तरी ते पटत नाही.

'स्कायरिम' (2011) घ्या. 'अडेप्ट' ही मूळ हिशेबाची पातळी. 'लेजेंडरी' या सर्वांत वरच्या पातळीवर आपला मार पाव होतो आणि शत्रूचा तिप्पट लागतो. शत्रूची अक्कल मात्र तेवढीच राहते. दहा घावांत पडणारा दरोडेखोर चाळीस घाव खातो, एवढाच फरक. लकवा आणणाऱ्या किंवा शत्रूला शांत करणाऱ्या मंत्रांना हा गुणक लागत नाही, लपून केलेल्या वाराला जास्तीचा मार मिळतो. मग तलवारबाज व्हायला निघालेला गडी शेवटी खडकाआड बसून बाण मारत राहतो.

खरा तोल बिघडतो तो स्मिदिंग (शस्त्रे-चिलखते घडवणे), अल्केमी (काढे करणे) आणि एन्चांटिंग (वस्तू मंतरणे) या कला एकमेकांना जोडल्यावर. मंतरलेले कपडे घालून काढा करायचा, काढा पिऊन आणखी जोरकस कपडे मंतरायचे, की आकडे हाताबाहेर जातात. चिलखताच्या चारही भागांच्या संरक्षण-आकड्यांची बेरीज (ढाल नसताना) 567 झाली की 80 टक्के मार कापला जातो. त्यापुढे वाढ नाही, पण गरजही उरत नाही.

सिडकोतल्या गल्लीत पोरं भिंतीपलीकडे चेंडू गेला की आउट देतात. तसेच आपले आपण केलेले नियम इथे लावावेत: अडेप्टवरच राहायचे, तिन्हींपैकी एकच कला शिकायची, एका लढाईत तीनच काढे. मेनू उघडला की वेळ थांबते, त्यामुळे हा शेवटचा नियम नसेल तर मरणेच अवघड! नियम मोजता येईल असाच हवा. 'जास्त हुशारी करायची नाही' हा नियम पहिल्या ड्रॅगनसमोरच मोडतो. शिवाय सगळे पहिल्याच दिवशी लादू नयेत. सुरुवातीला पात्र तसेही दुबळे असते; सैलपणा येतो तो पुढे, तिशीच्या लेव्हलच्या आसपास.

सेव्हचा, म्हणजे खेळ कुठे साठवायचा याचा, नियम सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत त्रासाचा. सेटिंगमध्ये झोपल्यावर होणारे ऑटोसेव्ह तेवढे चालू ठेवून बाकीची बंद करावीत. मग लांबलचक गुहेत मेलात तर शेवटच्या झोपेपासून पुन्हा सुरुवात, तासभर गेला. गेम बंद करताना मात्र स्वतः केलेले एक सेव्ह असू द्यावे, आणि पात्र मेल्यावर ते सेव्ह उघडायचे नाही. गेम स्वतःच अडकून बंद पडला तर तो मृत्यू धरू नये.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक