सेल संपायच्या आत पोचावं म्हणून

प्रिय मित्रा,

संगणकावर कीबोर्डने वाजवायच्या सॅम्पल लायब्ऱ्या, म्हणजे खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड करून ठेवलेले स्वर, यांचा सेल लागलाय. त्यातला स्ट्रिंग्जचा (व्हायोलिन वगैरेंचा) मोठा संच निम्म्या किमतीत मिळतोय तो घेऊ, की तबला आणि हार्मोनियमच्या छोट्या लायब्ऱ्या घेऊ, असं तू यादी पाठवून विचारलं आहेस. सेलला चारच दिवस उरलेत म्हणून लगेच लिहितोय. पहिलं सांगणं तुला रुचणार नाही: डेमो ऐकून ठरवू नकोस. लायब्ररीला काय जमत नाही हे डेमो करणाऱ्याला पाठ असतं आणि तो नेमकी तेवढी जागा टाळून चाल बांधतो. तुझी चाल मात्र आधीच बांधून झाली आहे. आवाज वाईट निघाला म्हणून पस्तावणारे थोडेच. आवाज सुरेख असतो, पण आपल्याला हवी ती हालचाल त्यात कुणी वाजवून ठेवलेलीच नसते, रडगाणं बहुतेकदा हेच असतं.

तुझ्या भावगीतात अंतऱ्याआधी व्हायोलिन्स पंचमावरून वरच्या षड्जाला घसरत जातात. सॅम्पल्सवर ही जागा घ्यायला दोनच रस्ते आहेत. एक, लायब्ररीत खरा लेगाटो असावा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर जातानाचा सांधा वेगळा रेकॉर्ड केलेला असावा. त्यातही पोर्टामेंटो, म्हणजे घसरत जाणारा सांधा, आहे का ते पाहा, आणि किती अंतरापर्यंत आहे तेही. दुसरा रस्ता पिचबेंडचा, म्हणजे रेकॉर्ड केलेला स्वर चाकाने वर-खाली ओढायचा, आणि तिथेच घात होतो. स्वर वर ओढला की व्हायोलिनच्या लाकडी पेटीची गुंजही त्याच्याबरोबर वर सरकते. खऱ्या वाद्यात पेटी जागची हलत नाही, फक्त तारेचा स्वर बदलतो. शिवाय सॅम्पलमध्ये मुरलेला व्हायब्रेटो (स्वराची थरथर) ओढल्याबरोबर जलद होतो. अर्ध्या स्वरापर्यंत कान माफ करतो, चार स्वरांची मींड माफ करत नाही. मींड आणि गमक हेच ज्या ओळीचं सर्वस्व आहे, तिथे सॅम्पलऐवजी फिजिकल मॉडेलिंगची वाद्यं बघ, उदाहरणार्थ ऑडिओ मॉडेलिंग कंपनीची ‘स्वॅम’ मालिका. त्यात स्वर गणिताने जागच्या जागी तयार होतो, म्हणून वाकवला तरी चिरकत नाही. फक्त जोर कमी-जास्त करायला मॉडव्हील (कीबोर्डवरचं चाक) किंवा फुंकरीवर चालणारा ब्रेथ कंट्रोलर हाताशी हवा. नुसत्या कीबोर्डवर ती वाद्यं निर्जीव वाटतात.

लेगाटोची आणखी एक गंमत, जी विकणारा मोठ्या अक्षरात सांगत नाही. सांधा रेकॉर्ड केलेला असला की पुढचा स्वर ऐकू यायला वेळ लागतो. मोठ्या लायब्ऱ्यांत हा उशीर १०० ते ३०० मिलिसेकंदांपर्यंत असतो. १२० च्या लयीत मात्रेचा पाव भाग १२५ मिलिसेकंदांचा, म्हणजे तू ठोक्यावर पट्टी दाबलीस तरी व्हायोलिन अख्खा पाव मात्रा मागे. लोक लायब्ररीला शिव्या घालतात, पण दोष तिचा नसतो. वाजवताना सांधा नसलेला, लांब स्वरांचा साधा सस्टेन पॅच ठेव, रेकॉर्ड झाल्यावर लेगाटो लाव आणि ट्रॅक डिले उणे करून तो ट्रॅक तेवढा आधी सुरू होईल असा अलीकडे ओढ. उशीर किती ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. मॅन्युअल बरेचदा विकत न घेताच उतरवता येतं, आणि डेमोपेक्षा तेच जास्त खरं बोलतं. कोणत्या वाद्याची पट्टी कुठून कुठवर, जोराचे थर (हळू ते जोरात अशी वेगवेगळी रेकॉर्डिंग) किती, राउंड रॉबिन किती, सगळं त्यात असतं.

राउंड रॉबिनच्या आकड्याला मी फार किंमत देतो. एकच स्वर पुन्हा पुन्हा वाजवला तर दर वेळी वेगळी टेक यावी, नाहीतर मशिनगन ऐकू येते. पण नुसता आकडा मोठा असून भागत नाही. टेक चार आणि तू मात्रेत चार स्वर वाजवतोयस, तर ठोक्यावर दर वेळी तीच टेक येणार. कानाला ते अर्ध्या मिनिटात कळतं. तीन किंवा पाच असतील तर टेक ठोक्यावरून सरकत राहतात. स्टॅकाटोच्या, म्हणजे तुटक स्वरांच्या, ओळी असतील तर हे बघच.

आता तबला. हार्मोनियमचं सॅम्पल चांगलं निघतं त्याला कारण आहे: स्वर ठरलेले, मींड नाही, भात्याचा जोर मॉडव्हीलवर येतो. तिथे पैसे सहसा वाया जात नाहीत. तबल्याचं तसं नाही. उजव्या तबल्याचे बोल, ‘ना’, ‘तिं’, ‘तिट’, व्यवस्थित पकडता येतात, पण डग्ग्याची घसीट दर वेळी वेगळ्या वेगाने आणि वेगळ्या उंचीपर्यंत जाते. चांगल्या लायब्ररीत ‘घे’चे निदान चार-पाच प्रकार हवेत: सरळ, वर जाणारा, खाली येणारा, दाबलेला. एकाच ‘घे’वर पिचबेंड लावून चालवायचं असेल तर घेऊ नकोस, दादरा कसाबसा निभेल, जलद लग्गीत उघडं पडेल.

दुसरी अडचण पट्टीची. समज, लायब्ररीतला तबला काळी एकमध्ये रेकॉर्ड केलेला आणि तुझं गाणं पांढरी चारमध्ये, म्हणजे चार अर्धस्वर वर. साधा सॅम्पलर (सॅम्पल्स वाजवणारं सॉफ्टवेअर) स्वर चढवतो तेव्हा टेप जलद फिरवल्यासारखा सगळा आवाज सव्वापट वेगाने धावतो. शाईचा आस, म्हणजे घुमत राहणारा नाद, आखूड होतो आणि तबला खेळण्यातला वाटतो. दोन अर्धस्वरांच्या पलीकडे जाऊ नये. उजवा तबला वेगवेगळ्या पट्ट्यांत रेकॉर्ड केलेला असेल तीच लायब्ररी घे. आणि ट्रान्सपोज करावंच (पट्टी बदलावीच) लागलं तर फक्त उजव्याची कर, डग्गा जागच्या जागी राहू दे. दोन्ही एकदम चढवले की खालचा घुमारा जातो आणि मिक्स करणारा उगाच लो फ्रिक्वेन्सी वाढवत बसतो.

आकाराला भुलू नकोस. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ रेकॉर्डिंगला मिनिटाला साधारण १७ एमबी लागतात. ८८ पट्ट्या, जोराचे आठ थर, पेडलसह आणि पेडलविना, प्रत्येक स्वर २० सेकंद, असा हिशेब केला तर एका मायक्रोफोनचा पियानो आठ जीबीचा होतो. चार माइक ठेवले की बत्तीस. म्हणजे जीबी वाढले ते माइक वाढल्याने. पट्टीवर बोट ठेवल्यावर काही वेगळं वाटत नाही. शेजारी ‘पियानोटेक’ हा मॉडेलिंगचा पियानो १०० एमबीच्याही आत बसतो. ६०० जीबीचा ऑर्केस्ट्रा ५० एमबीपीएसच्या जोडणीवर उतरायला २७ तास घेतो, आणि उलगडताना बरेचदा दुप्पट जागा मागतो. फिरत्या हार्ड डिस्कवर ठेवलास तर ट्रॅक वाढले की स्वर गळतील, कारण सॅम्पलर फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवतो आणि बाकी डिस्कवरून खेचतो. एसएसडीचे पैसे लायब्ररीच्याच किमतीत धर.

किमतीचंही तेच. १०० डॉलरवर १८ टक्के जीएसटी, वर कार्डाचा परकीय चलनाचा आकार साडेतीन टक्क्यांपर्यंत, आणि त्या आकारावर पुन्हा जीएसटी. १०० चे जवळपास १२३ होतात. लायब्ररी ‘कॉन्टॅक्ट’ या सॅम्पलरसाठीची असेल तर ती मोफत कॉन्टॅक्ट प्लेअरमध्ये चालते का ते आधी वाच. जिच्या कंपनीने प्लेअरसाठी परवाना घेतलेला नाही, अशी लायब्ररी प्लेअरमध्ये १५ मिनिटं वाजते आणि गप्प होते. तिच्यासाठी पूर्ण कॉन्टॅक्ट घ्यावं लागतं, आणि मग २५ डॉलरचं वाद्य २५ चं राहत नाही. परत करण्याचं तर विसरच: उतरवून अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर पैसे सहसा परत मिळत नाहीत, आणि बऱ्याच कंपन्यांचा परवाना दुसऱ्याच्या नावावर होत नाही. गिटार नाही आवडली तर विकता येते, ही नाही.

निम्मी किंमत पुन्हा येते. नोव्हेंबरच्या अखेरीस जवळपास सगळेच दर उतरवतात. म्हणून स्ट्रिंग्ज आज घेऊ नकोस. आधी बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राची ‘डिस्कव्हर’ ही मोफत आवृत्ती उतरव. छोटी आहे, साध्या लॅपटॉपवर चालते. तिच्यावर अंतऱ्याचे आठ बार बसव आणि कुठे अडतंस ते कागदावर लिही. घसरण अडते? एका लांब स्वरावर हळूहळू जोर चढवताना थर बदलल्याचं कळतं? की फक्त हॉलची हवा कमी पडते? तिसरी तक्रार रिव्हर्बने, म्हणजे घुमण्याच्या इफेक्टने, भागते, तिला लायब्ररी लागत नाही.

हार्मोनियम आज घ्यायला हरकत नाही. तबल्याआधी चालीची मिडी फाइल पाठव, आणि गाणारी व्यक्ती कोणत्या पट्टीत गाते तेही लिही. पांढरी चारच असेल, तर तू पाठवलेल्या यादीतल्या, काळी एकमध्ये रेकॉर्ड केलेल्या दोन तबला-लायब्ऱ्या आत्ताच खोडून टाक.

तुझा मित्र