मला शोधू नका, सिनेमा बघा

प्रिय आई, बाबा,

हे फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. फोन नेहमी स्पीकरवर, मागे बातम्या चालू, आई तिसऱ्या वाक्याला "जेवलीस का" वर येते आणि बाबा तुम्ही लगेच "बरं ठेवतो, तुझं बिल वाढेल" म्हणता, आता बिलं वाढत नाहीत हो बाबा कितीदा सांगितलं. दादाला ईमेल केलाय, तो मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल. त्याच्याकडून वाचून घेऊ नका, तो मधेमधे स्वतःचं घालतो.

तर विषय असा की मागे महेश्वरच्या शूटमधे सुट्टी मिळाली तेव्हा घरी आले होते ना, तेव्हा तुम्ही मी नर्स झालेय ती हॉस्पिटलवाली सिरीज लावलीत. बाबांच्या हातात रिमोट, आई पुढे सरकून बसलेली, आणि मी एक्स-रे घेऊन दारातून आत आले रे आले की "आली आली, थांबव!" आणि पॉज. माझे डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं, असा तो चेहरा टीव्हीवर ठेवून आईने समोरच्या काकूंना हाक मारली, त्या आल्या, त्यांनी बघितलं, "बारीक दिसतेय" म्हणाल्या, मग चहा झाला, मग बाबांनी जे फॉरवर्ड केलं ते थेट माझ्या पुढच्या एंट्रीवर. मिनिटंसुद्धा वहीत लिहून ठेवलीत तुम्ही, कितव्या भागात कितव्या मिनिटाला मी येते ते, ती वही मी पाहिली. शेवटी मी विचारलं खून कोणी केला? तुम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलात. अख्खी सिरीज खुनावर आहे आणि माझ्या आईवडलांना खुनी कोण ते माहीत नाही!

तेव्हा हसले मी, खूप हसले, पण मुंबईला परतताना अवंतिका एक्सप्रेसमधे वरच्या बर्थवर पडल्यावर झोप येईना आणि मनात हेच की हे दोघं आता सिनेमा बघतच नाहीत. हे मला शोधतात.

आणि हे तुमच्याबद्दल म्हणायची वेळ यावी म्हणजे काय! आपल्या इंदूरमधे निम्मे पत्ते टॉकीजच्या नावाने सांगतात, रीगल चौराहा, मधुमिलन चौराहा, सपना-संगीता रोड, थिएटरचं काही का होईना नाव काही जात नाही, आणि अशा गावात तुम्ही दोघं त्यातले पक्के. बाबा, पडद्याच्या वर उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल ठिपका चमकतो तो तुम्ही मला दाखवलात. रीळ संपत आलं की पहिला ठिपका, तो आला की ऑपरेटर पुढचं रीळ लावलेल्या दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर चालू करतो, मग काही सेकंदांनी दुसरा ठिपका, की तो ह्या मशीनवरून त्या मशीनवर उडी मारतो, आणि खाली बसलेल्या पब्लिकला पत्ताच नाही. दोन हजार फुटांचं रीळ म्हणजे वीस-बावीस मिनिटं, हे मला पाढे यायच्या आधी पाठ होतं. विद्युत मंडळातला माणूस तुम्ही, वर केबिनमधे प्रोजेक्टरच्या उजेडासाठी त्या कार्बनच्या कांड्या कशा जळतात, दोन कांड्यांमधलं अंतर सारखं कसं राखावं लागतं, हे हिरोइनच्या गाण्यापेक्षा रंगून सांगायचात. आता सगळं डिजिटल झालं, ठिपका गेला, मला अजूनही सवयीने त्या कोपऱ्यात बघावंसं वाटतं.

आणि आई, तू तर कमाल होतीस. सिनेमा सुटला की रिक्षेत बसल्या बसल्या तुझं सुरू व्हायचं, पण हिरो-हिरोइनबद्दल नाही. "तो स्टेशनवरचा हमाल होता ना, त्याला पैसे दिलेच नाहीत शेवटी त्या लोकांनी." "ती मोलकरीण सगळं बघत होती, तिने कुणाला सांगितलं असेल का गं?" बाबा चिडायचे, की अगं सिनेमा कशावर होता आणि तू काय धरून बसलीयस, पण माझ्या डोक्यात तो हमाल घरापर्यंत यायचा, सुदामा नगर येईपर्यंत त्याला बायको असायची, दोन मुलं असायची, एक आजारी. लोक मला इंटरव्ह्यू-बिंटरव्ह्यूत विचारत नाहीत कारण माझा कोणी इंटरव्ह्यू घेत नाही, पण कोणी विचारलंच की अ‍ॅक्टिंग कुठे शिकलात तर मी हेच सांगणार, रिक्षेत.

कारण मी करते ते तेच काम आहे गं. मी ती मोलकरीण आहे. नर्स, शेजारीण, शाळेतली क्लार्क, लेडी कॉन्स्टेबल तर इतक्यांदा की वर्दीचं माप आता ड्रेसदादाला पाठ आहे. बाबा म्हणतात रोल छोटा आहे, बरोबर आहे, छोटाच आहे, पण छोट्या रोलचं एक वेगळंच गणित असतं. हॉस्पिटलमधे म्हातारा जातोय, मुलगा हात धरून बसलाय, आणि मागे नर्स सलाइन काढतेय. त्या वेळी बघणाऱ्याची नजर माझ्यावर आली तर सीन पडला. आणि मी नुसतीच खांबासारखी उभी राहिले तरी पडला, कारण मग ते हॉस्पिटल वाटत नाही, सेट वाटतो. म्हणजे असायचं पूर्ण, पण दिसायचं नाही. ते सलाइन काढताना नर्सला दुसऱ्या पेशंटची घाई आहे का, तिने आज असे किती बघितलेत, तिला ह्या मुलाची दया येतेय की ड्यूटी संपायची वाट बघतेय, हे मी ठरवून जाते. डायरेक्टर विचारत नाही, तुम्हीही पॉज करून बघितलंत तरी कळणार नाही, पण नसलं तर कुठेतरी कळतं.

आता जेवणाचं. आई, तू दर वेळी म्हणतेस की त्या सीनमधे तू पोळी नुसती चिवडत होतीस, नीट खाल्लं नाहीस, तिथे जेवण चांगलं देत नाहीत का. अगं ते मुद्दाम! आधी लांबून पूर्ण सीनचा मास्टर घेतात, आणि त्यात तुम्ही ज्या शब्दाला घास तोंडात घातलात त्याच शब्दाला पुढच्या सगळ्या अँगलला घास घालावा लागतो, तेवढाच, त्याच हाताने. हिरोचा क्लोज, हिरोइनचा क्लोज, दोघांच्या खांद्यावरून, मग कोणाची तरी लाइन चुकते, विमान जातं म्हणून साउंडवाला थांबवतो, की परत. नवीन मुलं उत्साहात पहिल्या मास्टरमधे दणकून खातात आणि दुपारपर्यंत बादली शेजारी घेऊन बसतात, कट झालं की बादलीत. म्हणून जुनी माणसं पोळीचा तुकडा मोडतात, वरणात फिरवतात, बोलतात, परत फिरवतात. माझ्या चिवडण्यात अनुभव आहे, असं काकूंना सांग.

हिरोच्या आईचा रोल घेतला म्हणून तू रागावलीस ना, की तुझं वय काय, तो घोडा केवढा. तुझ्या लाडक्या सुलोचनादीदी आठव. 'जॉनी मेरा नाम' मधे त्या देव आनंदची आई होत्या, १९७० चा सिनेमा, आणि देव आनंदचा जन्म १९२३ चा, दीदींचा १९२८ चा. मुलापेक्षा आई पाच वर्षांनी लहान! आणि बघताना तुला एकदा तरी वाटलं का? तू तर पदर डोळ्याला लावून बसायचीस. आणि ललिताबाई पवार, ज्यांची मंथरा बघून तू रविवारी सकाळी टीव्हीसमोर बोटं मोडायचीस, त्या आधी हिरोइन होत्या गं, १९४२ मधे शूटिंगमधे एक थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, वर्षानुवर्षं उपचार, डावा डोळा बारीक झाला तो झालाच. हिरोइनचं काम संपलं. दुसरी कोणी घरी बसली असती, बाईंनी त्याच डोळ्याने पुढे चाळीस-पन्नास वर्षं लोकांना घाबरवलं. मला कोणी आईचा रोल दिला की मी ह्या दोघींच्या रांगेत शेवटी का होईना उभी आहे असं मला वाटतं, आता ह्यात लाज कसली.

बाबा, तुमचा प्रश्न दर दिवाळीला असतो, अजून किती वर्षं, आणि मी दर वेळी तळलेले गराडू खात विषय बदलते. खरं सांगू तर पैशाचं अजून तसंच आहे. काम झाल्यावर नव्वद दिवसांनी पेमेंट ही तर इथली रीतच, आणि नव्वदचे किती होतील ते प्रॉडक्शनच्या मर्जीवर, फोन करत राहायचं. इथे मुंबईत आरामनगरला ऑडिशनची रांग, नाव-उंची-वय सांगा, डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल, आता निदान घरूनच सेल्फ टेस्ट पाठवता येते, कपाटाला निळी चादर लावून. निवड झाली नाही तर कोणी कळवत नाही, पोस्टर लागलं की कळतं. हे तुम्हाला आवडणार नाही, मलाही आवडत नाही. पण जगदीश राज म्हणून एक नट होते, तुम्ही ओळखता चेहऱ्याने, १४४ सिनेमांत पोलिस झाले, गिनीज बुकात नाव आहे. १४४ वेळा तीच टोपी घालून सकाळी सेटवर जाताना माणसाला काय वाटत असेल ह्याचा मी कॉन्स्टेबलची टोपी घालताना नेहमी विचार करते, आणि मला वाटतं कंटाळा नसेल वाटत. दर वेळी तक्रार घेऊन आलेला माणूस वेगळा असतो ना.

आणि आपलाच जॉनी वॉकर. इंदूरचा पोरगा, वडील गिरणीत, गिरणी बंद पडली म्हणून घरचे मुंबईला गेले, तिथे बेस्टच्या बसमधे कंडक्टर झाला, पॅसेंजरना हसवायचा, बलराज साहनींनी हेरला आणि १९५१ च्या 'बाजी'त आला. नाव व्हिस्कीचं, दारुडे रंगवले ते असे की बघणाऱ्याला वास यावा, आणि स्वतः म्हणे थेंबाला शिवत नसे. ही गोष्ट तुम्हीच मला पोहे खाताना सांगितलीत बाबा, जीरावन मसाला भुरभुरत, आणि वर म्हणालात "बघ, कंडक्टर!" मग नर्सने काय घोडं मारलंय?

एक मात्र तुमच्यापासून लपवत नाही, ह्या धंद्यात पडल्यापासून सिनेमा बघणं थोडं नासलंय. समोर रडारड चालू असते आणि मला दिसतं की मगाशी ग्लास अर्धा होता, आता भरलाय. हिरोइन ज्याच्याकडे बघून बोलतेय तो माणूस तिथे नाहीच, लेन्सशेजारी चिकटवलेल्या टेपच्या तुकड्याकडे बघतेय हे कळतं, कारण मी पण त्याच टेपवर प्रेम केलंय, त्याच टेपला शिव्या दिल्यात. (आणि आजकाल सगळे कुजबुजत का बोलतात हे मला विचारू नका, आई तू सबटायटल लावतेस ते अगदी बरोबर करतेस.) पण तरी काम नसेल तेव्हा मी सकाळच्या शोला जाते, एकटी, स्वस्त असतो, हॉलमधे आठ-दहा माणसं, आणि कधीतरी, नेहमी नाही, कधीतरी असा सिनेमा लागतो की टेप, ग्लास सगळं विसरायला होतं आणि इंटरव्हलचा दिवा लागला की राग येतो. तेवढ्यासाठी मी ह्यात आहे. स्वतःला पडद्यावर बघण्यात मला तेवढी मजा नाही येत, खरंच सांगते, मी पण स्वतःचं फॉरवर्डच करते.

तर मला तुमच्याबरोबर एक सिनेमा बघायचाय ज्यात मी नाही. म्हणजे बिलकुल नाही, मागे चहा घेऊन पण जात नाही. तुम्ही "ही कधी येणार" म्हणून टांगणीवर बसायचं नाही, बाबांनी वही आणायची नाही. मला परत येताना आईकडून ऐकायचंय की त्या वॉचमनचं पुढे काय झालं असेल. सानंद संस्थेच्या मराठी नाटकाला तुम्ही दोघं तासभर आधी जाऊन बसता, घरी येऊन दोन दिवस भांडता त्यावर, म्हणजे डोळे-कान दोन्ही शाबूत आहेत, फक्त माझ्यामुळे बिघडलंय ते.

शुक्रवारच्या अवंतिकेचं रिझर्वेशन झालंय, शनिवारी सकाळी पोचते, स्टेशनवर यायचं नाही, मी रिक्षा करीन. शनिवारीच दुपारच्या शोची तिकिटं काढलीत, विजयनगरला, मॉलमधे लिफ्ट आहे, पायऱ्यांच्या कडेची सीट घेतलीय म्हणजे बाबांना गुडघा लांब करता येईल. एसी फार असतो, आईची शाल आठवणीने घ्या. आणि बाबा, आईला आत्तापासून सांगून ठेवा की तिथे घरचा डबा आत नेऊ देत नाहीत, पर्स उघडून बघतात, मागच्या वेळेसारख्या पुऱ्या रुमालात गुंडाळून आणल्या तर ह्या वेळी मी ओळख दाखवणार नाही.

तुमची,
सोनू