फक्त ऐकणारे आयगेट अपुरे

मा. संपादक,

हौशी रेडिओच्या एपीआरएस यंत्रणेत (स्टेशनांची स्थाने आणि छोटे निरोप रेडिओवरून पाठवणारी व्यवस्था) संगणकाला एसडीआर डोंगल (छोटा, फक्त ग्रहण करणारा रिसीव्हर) लावून फक्त ऐकणारे आयगेट (रेडिओ आणि इंटरनेट यांना जोडणारे स्टेशन) उभे करण्याकडे कल दिसतो. नकाशावर स्टेशनांचे ठिपके उमटतात खरे. पण इंटरनेटवरून आलेला निरोप असे आयगेट हवेत सोडू शकत नाहीत. पोच न मिळाल्याने पाठवणारा तोच निरोप पुन्हा पुन्हा धाडत बसतो. प्रत्येक परिसरात निदान एक दुतर्फा आयगेट हवाच.

रिसीव्हरचा स्क्वेल्च (संकेत नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) पूर्ण उघडा ठेवावा. नाहीतर तो उघडेपर्यंत पॅकेटची (एका वेळी पाठवलेल्या माहितीच्या गठ्ठ्याची) सुरुवात कापली जाते, चेकसम (चूक ओळखण्यासाठी जोडलेला आकडा) जुळत नाही आणि अख्खे पॅकेट बाद होते. आणि जागचे न हलणाऱ्या स्टेशनने दर मिनिटाला आपले स्थान कळवण्यात काय हशील? अर्ध्या तासाने एकदा पुरे. १२०० बॉडची, म्हणजे संथ गतीची, एकच वाट सगळ्यांनी वापरायची आहे.

– एक हौशी रेडिओ परवानाधारक