गाईचं नाक आणि पेल्टनची वाटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पाणचक्क्यांवरचा पानभर लेख वाचला. या विषयाला आपण एवढी जागा दिलीत त्याबद्दल आभार मानायचे होते. पण निम्मा लेख गाईच्या नाकावर खर्च झालेला पाहून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

लेस्टर पेल्टनने गाईच्या नाकावर पाण्याची धार मारली, ती दोन बाजूंना फाकली आणि त्याला कडेने जोडवाट्या बसवलेलं पाणचक्र सुचलं, ही कथा कॅलिफोर्नियात सांगतात. तिथेच आणखी एक कथा सांगतात: शाफ्टवर सैल झालेलं चक्र बाजूला सरकलं, धार वाटीच्या मधोमध न बसता कडेवर बसली आणि चक्र एकदम जोरात फिरायला लागलं. कुठलीही खरी धरा. पण त्या माणसाने पुढे काय केलं, ते आपल्या लेखात एका ओळीतही नाही. सोन्याच्या खाणींच्या त्या मुलखात गिरण्या उभारणाऱ्या या सुताराने वेगवेगळ्या आकारांच्या वाट्या करून, धारेसमोर फिरवून, एकेकीचं काम मोजलं. 1880 मध्ये पेटंट घेतलं. 1883 मध्ये ग्रास व्हॅलीच्या आयडाहो खाणीने वेगवेगळ्या कारागिरांच्या चक्रांची चाचणी घेतली, तेव्हा पेल्टनचं चक्र 90.2 टक्के कार्यक्षम ठरलं. त्याच्या खालोखाल आलेल्या नाइटच्या चक्राला 76.5 टक्के मिळाले. नाकाऐवजी हे दोन आकडे छापले असते तर शाळेतल्या मुलांना काही हाती लागलं असतं.

आकार का बदलला, हेही लेखकाने सांगायला हवं होतं. सपाट फळीवर धार आपटली की पाणी चहूकडे उडतं, आणि उडालेल्या पाण्यात वेग शिल्लक राहतो म्हणजे ताकद वाया जाते. हिशेबानेसुद्धा अशा चक्राला निम्म्याहून जास्त मिळत नाही. वाटीला खोली दिली की पाणी आतून वळून आल्या दिशेला परत फिरतं. चक्राचा वेग धारेच्या जवळपास निम्मा ठेवला तर वाटीतून बाहेर पडणारं पाणी जागच्या जागी खाली गळतं, कारण त्यातली सगळी ताकद चक्राने काढून घेतलेली असते. वाटीच्या मधोमधची धारदार कड, जिला आम्ही स्प्लिटर म्हणायचो, पाणी सारखं दोन्हीकडे वाटते, म्हणून बेअरिंगवर आडवा दाब येत नाही. पाणी पूर्ण 180 अंशांत उलटं फिरवलं तर ते मागून येणाऱ्या वाटीच्या पाठीवर बसेल, म्हणून साधारण 165 अंशांवर थांबतात. वाटीच्या ओठाला जी खाच दिसते ती पेल्टनची नव्हे, डोबल नावाच्या दुसऱ्या इंजिनिअरची, 1899 सालची. पुढच्या वाटीचं काम पुरं होण्याआधीच मागच्या वाटीने धार अडवू नये म्हणून ती कापली. एका वाटीत इतक्या लोकांची अक्कल गेलेली आहे, आणि हे सगळं गाईच्या नाकावर खपवता येत नाही.

मला याचा इतका त्रास का होतो, ते सांगतो. मी एका जलविद्युत केंद्रात यांत्रिकी देखभालीत नोकरी केली. केंद्राचं नाव लिहीत नाही. एका पावसाळ्यानंतर आमच्या एका युनिटच्या (वीजनिर्मिती संचाच्या) बकेट, म्हणजे वाट्या, पाहिल्या, तर वाळूने स्प्लिटर झिजून बोथट झाले होते. जिथे पातळ कड हवी तिथे पाच-सात मिलिमीटरचा गोल कडा. पावणेपाचशे मीटर उंचीवरून आलेलं पाणी नोझलमधून, म्हणजे निमुळत्या तोटीतून, ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरातल्या वेगाने सुटतं. त्या वेगाला असा कडा आडवा आला की काय होतं, ते वेगळं सांगायला नको. काम बाहेरच्या ठेकेदाराला गेलं. वेल्डिंग भरलं, ग्राइंडर फिरवला, पॉलिश केलं. बकेट चांदीसारख्या चमकायला लागल्या. साहेबमंडळी पाहून खूश झाली.

आमचे हेडमिस्त्री, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, मात्र पत्र्याची टेम्प्लेट, म्हणजे वाटीचा आकार ताडून पाहायचा साचा, घेऊन उभे होते. मूळ ड्रॉइंगवरून त्यांनी ती स्वतः कापलेली होती. पहिल्याच बकेटला लावली, तर पत्र्याखालून उजेड दिसला. दुसरीला लावली, तिथेही उजेड, पण भलत्याच जागी. म्हणजे प्रत्येक वाटीचा आकार वेगळा झाला होता. काकांनी सगळ्या वाट्या तपासायला मुदत मागितली. त्यांना सांगण्यात आलं की युनिट उद्या ग्रिडवर हवं, आणि इतकं बारीक बघायला हे सोनाराचं दुकान नव्हे. टेम्प्लेट कपाटात गेली.

युनिट सुरू झालं. तलावाची पातळी तीच, नीडलचं (तोटीतलं पाणी कमी-जास्त करणाऱ्या सुईचं) ओपनिंग तेच, आणि मेगावॉट मात्र दुरुस्तीआधी होते त्याहूनही कमी. गाइड बेअरिंगचं तापमान वाढलेलं. मी हे सगळं लॉगबुकात लिहिलं. मला बोलावून ते खोडायला लावलं आणि ‘युनिट नॉर्मल’ असं लिहून घेतलं. पुढच्या वार्षिक देखभालीत सगळ्या वाट्या पुन्हा भरल्या आणि टेम्प्लेट लावूनच घासल्या. पण ते पाहायला काका नव्हते, दरम्यान ते निवृत्त झाले होते. मधल्या काळात किती पाणी फुकट गेलं, याचा हिशेब कुणी मागितला नाही. 70 मेगावॉटच्या यंत्रात एक टक्का म्हणजे 700 किलोवॉट. चोवीस तास चाललं तर 16,800 युनिट वीज. उन्हाळ्यात आपण वाचकांना पाणी जपून वापरायला सांगता, म्हणून हा आकडा मुद्दाम लिहिला.

आणि दुसरीकडे हे पाहा. अमेरिकेत लॉवेलच्या कापडगिरण्यांसाठी युराया बॉयडन या इंजिनिअरने 1846 मध्ये टर्बाइन (पाण्यावर फिरणारं यंत्र) बनवली, तेव्हा करार असा होता: कार्यक्षमता 78 टक्के भरली तर 1,200 डॉलर, आणि त्यापुढच्या प्रत्येक टक्क्याला 400 डॉलर. चाचणीत 88 टक्के भरली आणि त्याला 5,200 डॉलर मिळाले. हे सगळं लॉवेलच्याच जेम्स फ्रान्सिस या इंजिनिअरने 1855 च्या आपल्या ग्रंथात आकडेमोडीसह लिहून ठेवलं आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी गिरणीवाले टक्क्याला पैसे मोजत होते, आणि आमच्याकडे टक्का घटल्याची नोंद खोडली गेली.

आता लेखाच्या उत्तरार्धाविषयी. ज्या तरुणाने ओढ्यावर ‘तिप्पट वीज देणारं’ चक्र बसवलं, त्याच्या उमेदीला माझा नमस्कार. त्याला नाउमेद करण्याची माझी इच्छा नाही. पण तिप्पट कशाच्या? पाणी सेकंदाला किती लिटर आणि किती मीटरवरून पडतं, हे दोन आकडे लेखात कुठेच नाहीत. सेकंदाला 100 लिटर पाणी 3 मीटरवरून पडत असेल, तर त्यात सगळी मिळून 2.94 किलोवॉट ताकद आहे. जगातलं कुठलंही चक्र त्याहून एक वॉटही जास्त देणार नाही. जुनं चक्र 40 टक्के देत असेल तर तिप्पट म्हणजे 120 टक्के! आपल्या संपादकीय विभागात हा गुणाकार करणारं कुणी नव्हतं का? शेवटच्या परिच्छेदात तर तेच पाणी पंपाने परत वर चढवून पुन्हा चक्रावर सोडण्याचा बेत आहे. हे होणार नाही, आणि त्या मुलाला हे कुणीतरी आत्ताच प्रेमाने सांगायला हवं, घरचे पैसे त्यात जाण्याआधी.

लहान चक्रं सुधारता येतातच. उत्तराखंडातल्या घराटांची आणि नेपाळमधल्या घट्टांची, म्हणजे पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या जात्यांची, लाकडी पाती काढून तिथे पोलादी खोलगट पाती आणि बॉल बेअरिंग बसवले, तेवढ्यावर त्याच पाण्यात दळण दुपटीच्या आसपास गेलं. आधी किती किलो दळलं जायचं आणि नंतर किती, हे तिथे मोजलं गेलं, म्हणून ते पटतं. त्या तरुणाकडे पाणी मोजायला एक बादली, एक घड्याळ आणि चक्राची ताकद मोजायला दोरीचा ब्रेक घेऊन आपला वार्ताहर पुन्हा पाठवा. चाचणी कशी घ्यायची हे दाखवायला मी स्वखर्चाने यायला तयार आहे.

जाता जाता आणखी एक. लेखातल्या मोठ्या छायाचित्राखाली ‘कोयनेचं पेल्टन चक्र’ असं छापलंय. छायाचित्रात वाट्या नाहीतच, दोन कड्यांमध्ये बसवलेली वाकडी पाती आहेत. तो फ्रान्सिस टर्बाइनचा रनर, म्हणजे फिरणारं चक्र, आहे. कोयनेत पोफळीच्या पहिल्या दोन टप्प्यांना पेल्टन आहेत आणि चौथ्या टप्प्याला फ्रान्सिस, तेव्हा चूक कशी झाली ते समजू शकतो. शिवाय वीजकेंद्राची क्षमता ‘मेगावॉट प्रति तास’ अशी लिहिणं आपण कृपा करून बंद करा. क्षमता मेगावॉटमध्ये असते. तासांनी गुणल्यावर विजेचे युनिट होतात, भागून काहीच होत नाही. याबद्दल मी पूर्वीही आपल्याला पत्र पाठवलं होतं, ते छापलं गेलं नाही. निदान छायाचित्राची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर चौकटीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त फोरमन, पुणे