आधी नळीचा पीळ मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकेतील प्रेअरी डॉगच्या शिकारीवरचा लेख वाचला. (नावात कुत्रा असला तरी हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा, जेमतेम किलोभराचा प्राणी.) घरी काडतुसे भरणाऱ्यांना लेखात दिलेला ‘गोळी जितकी हलकी तितकी वेगवान, म्हणून ४० ग्रेनचीच घ्यावी’ (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) हा सल्ला मात्र अर्धवट आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसे भरणे शस्त्र कायद्यात बसत नाही. पण हा नाद असलेले मराठी लोक अमेरिकेत आहेत आणि आपला अंक तिथेही वाचला जातो, म्हणून हे लिहीत आहोत.

.२२३ रेमिंग्टनचे काडतूस घ्या की .२२-२५० चे, दोन्हींत गोळी .२२४ इंच व्यासाचीच बसते. फरक असतो तो नळीच्या आतल्या आट्यांत, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या पिळात. फेऱ्याला इंच जितके कमी, तितका पीळ जास्त. .२२-२५० ला बहुधा १४ इंचांत एक फेरा असतो. जुन्या बोल्ट रायफलींत .२२३ ला १२ इंचांत एक, तर एआर-१५ च्या घराण्यात ९, ८ किंवा ७ इंचांत एक. हा ७ चा पीळ लष्कराच्या गरजेतून आला: एम१६ए२ या लष्करी रायफलीतून लांबलचक ट्रेसर (वाटेत उजेडाची रेघ सोडणारी) गोळी सरळ उडायला हवी होती. आपल्या रायफलचा पीळ माहीत नसेल तर मूठ मोकळी फिरणाऱ्या सफाईच्या गजाला घट्ट चिंधी लावून तो नळीत ढकलावा. गजावरची खूण एक पूर्ण फेरा घेईपर्यंत गज किती इंच आत गेला, तोच पीळ.

गोळीला किती पीळ लागतो हे मुख्यतः तिच्या लांबीवर ठरते. ५५ ग्रेनची सपाट बुडाची, मऊ टोकाची गोळी आखूड असते. तेवढ्याच वजनाची प्लास्टिक टोकाची, निमुळत्या बुडाची गोळी बरीच लांब. टोक हलके असल्याने त्याची लांबी पूर्ण धरायची नसते, तरी १४ च्या नळीत अशी गोळी काठावर येते. काठावरची गोळी फसवते. आमच्या वायोमिंगमधल्या शायेनला, सहा हजार फुटांवर, जुलैत ती सुंदर गट देते, म्हणजे भोके जवळजवळ पडतात. जानेवारीच्या दाट, थंड हवेत, त्यातही सखल भागात, तीच गोळी हेलकावते. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसले की समजावे, पीळ कमी पडतोय. तेव्हा दारू कमीजास्त करून फारसे साधत नाही. आखूड गोळी घ्यावी.

उलटी चूकही होते. सेकंदाला ३३०० फूट वेगाची गोळी १२ च्या नळीतून मिनिटाला १,९८,००० फेरे घेते, ७ च्या नळीतून सुमारे ३,३९,०००. .२२ हॉर्नेट या लहान काडतुसाच्या मंद वेगासाठी केलेली पातळ कवचाची गोळी एवढी गरगर सोसत नाही. ती वाटेतच फुटते, हवेत राखाडी रेघ दिसते आणि लक्ष्य कोरेच राहते. वेगवान पिळाच्या नळीत ५० ते ५५ ग्रेनची, जरा जाड कवचाची गोळी बरी. गोळीच्या डब्यावर किंवा उत्पादकाच्या पुस्तिकेत कमाल वेग दिलेला असेल तर तो पाळावा.

पातळ कवचाचा फायदाही आहेच. जमिनीवर आपटताच गोळीचा चुरा होतो, त्यामुळे ती टप्पा खाऊन भलतीकडे जाण्याची शक्यता कमी होते. कायोटीची (कोल्ह्यासारखा अमेरिकी प्राणी) कातडी राखायची असेल तर निवड वेगळी.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. ती जास्त पीळ मागते, शिवाय केसमधली (काडतुसाच्या पितळी पुंगळीतली) जागाही खाते. शिशाच्या गोळीसाठी ठरवलेले दारूचे माप तिला कधीही जसेच्या तसे लावू नये, दाब वाढतो. खरे तर गोळी कोणतीही बदलली तरी त्याच गोळीच्या पुस्तिकेतले किमान माप घेऊन थोडे थोडे वर जावे. केसच्या बुडातला प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) चपटा होणे, बोल्ट उचलायला जड जाणे, ही थांबण्याची खूण. पण ती दिसली नाही म्हणून कमाल माप ओलांडू नये.

गोळी केसमध्ये बसवताना .२२३ चे काडतूस मॅगझिनमध्ये मावायचे तर एकूण लांबी २.२६० इंचांच्या आत हवी. आट्यांना टेकवण्याच्या हट्टापायी आखूड गोळी इतकी बाहेर काढू नये की केसची मान तिला धरेनाशी होईल. साधारण गोळीच्या व्यासाइतकी पकड तरी ठेवावी. मग तीन-चार प्रकारच्या गोळ्या घेऊन, नळी थंड होऊ देत, १०० यार्डांवर प्रत्येकीचे पाच-पाच बारांचे दोन गट पाहावेत. तीन बारांच्या गटावर फार जण उगाच खूश होतात.

आपले,
दोन वाचक, वायोमिंग