डाळीचा हिशेब आणि धुऱ्यावरची भाजी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कमी खर्चात चांगलं कसं खावं यावर पानभर मजकूर आला होता. आमच्या घरी पेपर शाळेतून येतो, तोही दोन दिवस शिळा, म्हणून हे पत्र उशिरा. त्यात नाश्त्याला मखाणे सांगितले आहेत. आमच्या गावच्या दुकानात मखाणे मागितले तर दुकानदार आधी विचारील, कोणत्या देवाला वाहायचे?

मी आर्वी तालुक्यातल्या एका शाळेत पोषण आहार शिजवते. पोरं मला खिचडीवाली बाई म्हणतात. मानधन महिन्याला २५०० रुपये, तेही वर्षातून दहाच महिने. घरी सासूबाई धरून पाच माणसं आणि साडेतीन एकर कोरडवाहू वावर.

शाळेत सगळं मोजून असतं. पहिली ते पाचवीच्या पोराला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावीपासून आठवीपर्यंत १५० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम डाळ. रोज काट्यावर टाकून टाकून आता हातालाच वजन कळतं. दोन वर्षांखाली एका संध्याकाळी घरी वरणाची डाळ धुवायला घेतली आणि मूठ हलकी लागली. दुसऱ्या दिवशी तेवढीच डाळ पुडीत बांधून शाळेच्या काट्यावर ठेवली. पाच माणसांत मिळून ८० ग्रॅम! पहिलीतल्या पोराच्या वाट्याला मी जेवढी डाळ घालते, तेवढीही माझ्या घरात दिवसभर निंदण करून आलेल्या माणसाच्या ताटात पडत नव्हती. मला कोणी सांगितलं असतं तर मी भांडले असते.

मग हिशेब मांडला. माणशी ३० ग्रॅम धरले तर एका वेळेला दीडशे ग्रॅम, दोन वेळचे तीनशे, महिन्याचे नऊ किलो. किलोला १४० रुपये धरले तरी १२६० रुपये. अर्धं मानधन डाळीतच शिजलं.

रेशनचं धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट मिळतं, माणशी पाच किलो. आमचे पंचवीस किलो येतात. त्याला मी नावं ठेवणार नाही, पोट त्याच्यावरच भरतं. पण त्या पोळीसोबत, भातासोबत खायचं काय? ते पूर्वी वावरातून यायचं.

माझी आई कापसाच्या तासांमध्ये बरबटी, तीळ, मूग टोबायची आणि धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेने अंबाडी. अंबाडी खरी तर दोरांसाठी लावत. बैलांचे कासरे, दावणी सगळं तिच्याच सालीचं. भाजी ही वरकड कमाई. नायलॉनचे दोर आले तशी अंबाडी गेली, आणि भाजी गेली हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. ज्वारी रानडुकरांनी आणि पाखरांनी नेली. एकट्याने पेरली तर राखण करता करता माणूस आजारी पडतो. आता साडेतीन एकरात सोयाबीन आणि तूर. सोयाबीन २०२४ ला हमीभाव ४८९२ असताना आम्ही क्विंटलला ४१०० नी दिलं, आणि तेलाचं पाकीट त्याच महिन्यात महागलं.

दोन वर्षांपासून मी धुऱ्यावर पुन्हा अंबाडी टोबते. सासूबाईंनी एका डब्यात बी राखून ठेवलं होतं, राख लावून. पुरवणीत छापायची असेल तर ही घ्या पाककृती. अंबाडीची कोवळी पानं उकळत्या पाण्यात टाकायची, चांगली उकळी आली की ते आंबट पाणी फेकायचं. दुसरीकडे वाटीभर तूरडाळ आणि वाटीभर ज्वारीच्या कण्या एकत्र शिजवायच्या. कण्या रव्यासारख्या बारीक नकोत, दाताखाली याव्यात. त्यात भाजी घालून डावाने घोटायची, इतकी घट्ट की पळी उलटी केली तरी गोळा लवकर सुटू नये. वरून ठेचलेला लसूण आणि वाळली मिरची तेलात लाल करून ओतायची, मूठभर फल्लीदाणे घालायचे. एवढ्यात पाच माणसांची दोन्ही वेळची भाजी निघते, आणि डाळ लागते एकाच वेळची. नुसतं पातळ वरण केलं असतं तर तीच डाळ एका जेवणात संपली असती आणि पोरं परत आठ वाजता डबे उघडत बसली असती. पोरगी आधी नाक मुरडायची. आता शाळेत डब्यात नेते, पण मैत्रिणींना दाखवत नाही म्हणे!

तुरीचं तर आमचं आम्हालाच हसू येतं. जानेवारीत सगळी तूर बाजार समितीत घालायची आणि जूनमध्ये तीच डाळ होऊन आली की दुकानातून आणायची. गेल्या वर्षी मी हट्टाने ५० किलोचा एक कट्टा विकू दिला नाही. शेजारच्या गावच्या बचत गटाकडे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काढलेली ती मिनी डाळ मिल आहे. कट्ट्यामागे ३५ किलोच्या आसपास डाळ मिळाली, चुनी शेळीला झाली. महिन्याला पाच किलो धरले तर सात महिन्यांची सोय. आमचे हे म्हणाले, तेवढ्या पैशात युरियाच्या गोण्या आल्या असत्या. आल्या असत्या, खरं आहे. ते सात महिने मी दुकानातून डाळ आणली नाही, हेही खरं आहे.

हे लिहायचं कारण मात्र वेगळंच. यंदा पहिला पाऊस पडून गेला तशी मी सकाळी धुऱ्यावर तरोटा, म्हणजे टाकळ्याची रानभाजी, तोडायला गेले. बोटभर उंच, दोन-दोन पानांचा, तोच खरा खायचा. ओटीत अर्धी ओंजळ जमली असेल, मागून सासूबाई ओरडत आल्या, "काय करतं व तिथं? काल औषीद मारलं थ्या धुऱ्यावर!" शेजारच्याने आपल्या वावरात तणनाशक फवारताना उरलेला पंप आमच्या धुऱ्यावर रिकामा केला होता. चांगुलपणानेच केला, आमचंही गवत जाईल म्हणून. भाजी तशीच नालीत टाकली. चार दिवसांनी धुरा पिवळा पडला. तरोटा, माठ, घोळ आणि नुकती दोन पानांवर आलेली माझी अंबाडी, सगळं एकदमच.

निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, हे मला माहीत आहे. मीच दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते. म्हणून वावरात फवारू नका असं म्हणायचं माझं तोंड नाही. धुरा तेवढा सोडा, एवढंच म्हणते. आपल्या पेपरात शेतीच्या पानावर तणनाशकाची मात्रा किती, पंपाला किती मिली, हे सगळं छापून येतं. त्याच पानावर दोन ओळी धुऱ्यावरच्या भाजीबद्दलही छापा. पुरवणी आमच्या गावात कोणी वाचत नाही, शेतीचं पान वाचतात.

माझ्या डब्यात अजून मूठभर बी आहे. आमच्या यांना सांगितलं, विहिरीजवळचा धुऱ्याचा आठ-दहा हाताचा तुकडा माझा, तिथे पंप न्यायचा नाही. ते म्हणाले, "तण माजलं तर मले सांगू नको." नाही सांगणार, तोडून आणीन.

आपली,
शाळेतली एक खिचडीवाली बाई
ता. आर्वी, जि. वर्धा