हिरवंगार जंगल, पण खालची माती उपाशी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ॲमेझॉनसारख्या जंगलांबद्दल काहीही वाचायला घ्या, झाडी एवढी दाट म्हणजे खालची जमीन सुपीकच असणार असं गृहीत धरलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी हे अगदी उलट आहे, म्हणून लिहितोय.

तिथं वर्षभर उष्णता आणि वरून धो धो पाऊस. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, त्यात पाणी सतत झिरपतंय, मग खडक नुसता वरवर नाही तर कित्येक मीटर खोलपर्यंत झिजतो आणि त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम विरघळून पाण्याबरोबर निघून जातं. लाखो वर्षं हे चाललं की वाळूचा मुख्य घटक असलेलं सिलिकासुद्धा हळूहळू जातं, मागे उरतात मुख्यतः लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. माती लाल दिसते ती ह्या लोखंडामुळे, कसदार आहे म्हणून नाही! उलट हेच लोखंड फॉस्फरसला असं धरून ठेवतं की पिकाच्या वाट्याला तो फारसा येतच नाही. अशी काही माती उघडी पडून वाळली की दगडासारखी कडक होते, मलबारात ती कापून घरं बांधायचे, ते बघूनच फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टर-सर्वेक्षकानं १८०७ मध्ये जांभ्याला लॅटराइट हे नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून.

मग जंगल जगतं कशावर? पालापाचोळ्यावर. पान पडलं की भराभर कुजतं, आणि वरच्या थरातली मुळं आणि त्यांच्याबरोबरची बुरशी त्यातलं अन्न लगेच ओढून घेतात, म्हणजे सगळी पुंजी झाडांमध्येच फिरत असते, मातीत शिल्लक फार थोडी. जंगल जाळलं की राखेवर दोन-तीन पिकं बरी येतात, मग पाऊस ती राखही धुऊन नेतो.

उष्ण प्रदेशातली सगळीच माती अशी नाही हां. इंडोनेशियाच्या जावा बेटावर ज्वालामुखीची राख पडत राहते, त्यामुळे नवी खनिजं मिळतात आणि जमीन भरघोस पिकते. जिथं कोरडा काळ मोठा आणि खाली बेसाल्ट म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, तिथं भेगाळणारी काळी माती बनते, कारण कॅल्शियम वाहून जायला तेवढं पाणीच नसतं. म्हणून नुसती उष्णता बघून चालत नाही, पाणी किती झिरपतं तेही बघावं लागतं.

जंगल तोडून शेतीला जमीन मिळाली अशी बातमी छापाल तेव्हा पाचव्या वर्षी तिथं काय उगवतंय तेवढं नक्की विचारा.

आपला,
एक वाचक